खरखरीत आवाजाची साक्ष

अमेरिकेच्या टेनेसी राज्यातील नॅशव्हिल शहरात रायमन ऑडिटोरियम नावाची जुनी वास्तू आहे. 1892 साली ती उभी राहिली ती प्रवचने आणि प्रार्थनासभा यांसाठी. 'युनियन गॉस्पेल टॅबरनॅकल' हे तिचे मूळ नाव. श्रोत्यांसाठी चर्चमध्ये असतात तशी लाकडी बाके तेथे अजूनही आहेत. पुढे 1943 ते 1974 या काळात 'ग्रँड ओल ऑप्री' हा कंट्री संगीताचा प्रसिद्ध रेडिओ कार्यक्रम याच सभागृहातून ध्वनिक्षेपित होत असे. तेथे गायला मिळणे हे अमेरिकेतील ग्रामीण गायकाला आयुष्याचे सार्थक वाटे.

1950च्या दशकाच्या मध्यास वाँडा जॅक्सन नावाची एक कोवळी मुलगी या व्यासपीठाच्या कडेला आपल्या पाळीची वाट पाहत उभी होती. तिच्या अंगावर आईने खास या प्रसंगासाठी शिवलेला नवा पोशाख होता. त्याला बाह्या नव्हत्या. खांद्यांवर केवळ बारीक पट्ट्या होत्या. कार्यक्रमाचे सूत्रधार अर्नेस्ट टब यांनी तिला पाहिले आणि उघड्या खांद्यांनी येथे स्त्रियांना गाता येत नाही, असे सांगितले. वेळ उरली नव्हती. वाँडाने डोळ्यांतले पाणी आवरत जाकीट अंगावर चढवले, गाणे म्हटले, आणि पुन्हा येथे पाऊल ठेवायचे नाही, असे मनाशी ठरवून ती बाहेर पडली. ही हकिकत तिने पुढे अनेक मुलाखतींतून सांगितली आहे.

टब हे काही दुष्ट गृहस्थ नव्हते. नव्या कलावंतांना हात देणारे म्हणून त्यांचा लौकिक होता. ते त्या सभागृहाची शिस्त पाळत होते, आणि अशी शिस्त आपल्यालाही अपरिचित नाही. तरीही हा प्रसंग मला वाँडाच्या सबंध कारकिर्दीची गुरुकिल्ली वाटतो. तिच्या गळ्यातून जे येत होते त्यावर काहीतरी पांघरूण घातले पाहिजे, असे तिच्याभोवतीच्या जगाला, आणि काही काळ तिला स्वतःलाही, वाटत राहिले. त्या पांघरुणाखाली नेमके काय होते, आणि ते झाकण्याची खरोखरच आवश्यकता होती काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

वाँडाचा जन्म 20 ऑक्टोबर 1937 रोजी ओक्लाहोमा राज्यातील मॉड या लहानशा गावी झाला. ते दिवस दुष्काळाचे, धुळीच्या वादळांचे आणि आर्थिक मंदीचे. हजारो कुटुंबे बिऱ्हाड पाठीवर घेऊन पश्चिमेकडे कॅलिफोर्नियाला निघाली होती. त्यांत जॅक्सन कुटुंबही होते. वडील टॉम यांना संगीताची आवड. परंतु मंदीच्या दिवसांत त्या आवडीवर चूल पेटणे कठीण होते. बेकर्सफील्ड येथे त्यांनी केशकर्तनाचा व्यवसाय केला आणि लेकीच्या हाती लहानपणीच गिटार दिली. शनिवारी रात्री ते तिला नृत्याच्या मैफलींना नेत. तेथे वाद्यवृंदापुढे झगमगीत पोशाखात गाणाऱ्या स्त्रिया पाहून आपणही असेच व्हायचे, हे त्या बालमनाने ठरवून टाकले. 1940च्या दशकाच्या अखेरीस कुटुंब ओक्लाहोमाला परतले. शाळेत असतानाच एका स्थानिक गायनस्पर्धेतून वाँडाला केएलपीआर या रेडिओ केंद्रावर रोज पंधरा मिनिटांचा कार्यक्रम मिळाला. तो ऐकून त्या काळचे नामवंत गायक हँक थॉम्पसन यांनी तिला आपल्या वाद्यवृंदाबरोबर गायला बोलावले. 1954 साली बिली ग्रे यांच्यासोबत तिने गायलेले एक द्वंद्वगीत राष्ट्रीय कंट्री यादीत आठव्या स्थानापर्यंत पोहोचले. तेव्हा तिचे शालेय शिक्षणही पूर्ण झाले नव्हते.

एवढे यश पदरी असूनही कॅपिटॉल या मोठ्या कंपनीच्या केन नेल्सन यांनी प्रारंभी तिला नकार दिला. मुलींच्या तबकड्या खपत नाहीत, हे त्यांचे कारण. दोनच वर्षांनी, 1956 साली, त्याच नेल्सन यांनी तिला करारबद्ध केले आणि तिची उत्तमोत्तम ध्वनिमुद्रणे त्यांच्याच देखरेखीखाली झाली.

मधल्या काळात एक महत्त्वाची घटना घडली होती. 1955 साली शाळा संपताच वाँडा दौऱ्यावर निघाली. त्या दौऱ्यात तिच्याबरोबर एल्विस प्रेस्ली नावाचा, तोवर दक्षिणेबाहेर फारसा कोणाला ठाऊक नसलेला, वीस वर्षांचा तरुण गात होता. वाँडाचे वडील पाठराखणीला बरोबर असत. एल्विसने तिला मेंफिस येथील आपल्या घरी नेऊन तबकड्या ऐकवल्या आणि हे नवे संगीत तूही गाऊ शकशील, असा आग्रह धरला. आपण साध्या कंट्री गायिका आहोत, हे आपल्याला जमणार नाही, असे तिला वाटत होते. एल्विसने तिची ती भीती घालवली.

हे नवे संगीत म्हणजे रॉकाबिली. 'रॉक' आणि 'हिलबिली' या दोन शब्दांची ही जोड आहे. हिलबिली हा डोंगराळ भागातील गरीब गोऱ्या शेतकऱ्यांना हिणवण्यासाठी वापरला जाणारा शब्द. या लोकांच्या कंट्री गीतांचा आणि कृष्णवर्णीयांच्या ऱ्हिदम अँड ब्लूज संगीताचा तेथे संगम झाला. विद्युत गिटार, मोठ्या बास वाद्याच्या तारांवर मारलेली थाप, मोजकी वाद्ये आणि जलद लय, एवढ्या सामग्रीवर ते उभे होते. गाणारे बहुतेक सारे तरुण पुरुष. त्यांच्या गाण्यात अंगात आल्यासारखी एक बेहोशी असे. पुरुषाच्या ठायी ती बेहोशी लोकांनी हसत अथवा रागावत मान्य केली. मुलीच्या ठायी ती मान्य करायला मात्र समाज तयार नव्हता.

वाँडाच्या आवाजाचे वैशिष्ट्य सांगायचे तर तो एक नसून दोन आहेत, असे प्रथम वाटते. ओळ सुरू होते ती शाळकरी मुलीच्या लाडिक, स्वच्छ स्वरात. मग मध्येच उचकी लागल्याप्रमाणे सूर तुटतो, आणि ओळीच्या शेवटाला घशाच्या तळातून खरखरीत गुरगुर उमटते. ती ऐकताना ही मुलगी रागावली आहे की आनंदली आहे, हे क्षणभर कळत नाही. 1958 साली ध्वनिमुद्रित झालेले 'लेट्स हॅव अ पार्टी' हे गीत याचा उत्तम नमुना. हेच गीत आदल्या वर्षी एल्विसने एका चित्रपटात गायले होते. त्याच्या गाण्यात खेळकरपणा आहे. वाँडाच्या गाण्यात घराचे दार एकदाचे उघडल्याचा आनंद आहे. त्यात पियानो वाजवणारा बिग अल डाउनिंग हा कृष्णवर्णीय कलावंत होता. वर्णभेदाच्या त्या दिवसांत एका गोऱ्या तरुणीच्या वाद्यवृंदात त्याने बसावे, ही गोष्ट लहान नव्हती. दोन वर्षे हे गीत पहिल्या संग्रहात पडून राहिले. 1960 साली ते स्वतंत्र तबकडीवर आले, आणि अमेरिकेच्या लोकप्रिय गीतांच्या यादीत त्याने 37वे स्थान गाठले.

येथे समीक्षकाने एका अवघड गीताकडे वळले पाहिजे. 'फुजियामा मामा' हे 1957 साली वाँडाने गायलेले गीत तिच्या चाहत्यांना अतिशय प्रिय आहे. शब्द तिचे नाहीत. तिच्याआधी दुसऱ्या गायिकांनीही ते गायले होते. स्वतःला ज्वालामुखी म्हणवणारी एक स्त्री त्यात हिरोशिमा आणि नागासाकीची नावे घेऊन, तेथे जे घडले ते मी तुझेही करू शकते, अशी फुशारकी मारते. गायनाच्या दृष्टीने ही वाँडाची सर्वांत थरारक कामगिरी आहे, हे नाकारता येणार नाही. तिच्या समकालीन पुरुष गायकांपैकी फारच थोड्यांनी असा ज्वालाग्राही स्वर लावला असेल. परंतु ते ऐकताना आपल्याला हेही आठवले पाहिजे की, 9 ऑगस्ट 1945 रोजी नागासाकीवरचा बाँब उराकामी या भागावर फुटला. शतकानुशतकांच्या छळाला पुरून उरलेल्या जपानी कॅथलिकांची ती वस्ती. तेथील कॅथीड्रल क्षणार्धात कोसळले आणि हजारो भाविक मृत्युमुखी पडले.

याहून आश्चर्याची गोष्ट अशी की, हे गीत अमेरिकेत फारसे चालले नाही. ते गाजले जपानमध्ये. तेथे ते लोकप्रियतेच्या अग्रस्थानी पोहोचले आणि 1959 साली वाँडा अनेक आठवड्यांचा जपानचा दौरा करून आली. त्याच वर्षी उराकामीचे कॅथीड्रल पुन्हा उभे राहिले. जपानी तरुणांनी या गीतात काय ऐकले असेल? इंग्रजी शब्द त्यांना कळले नसतील, असे म्हणून हा प्रश्न झटकला जातो. परंतु हिरोशिमा आणि नागासाकी ही नावे कळण्यासाठी इंग्रजी यावे लागत नाही. कदाचित त्यांनी शब्दांपलीकडचा आवाज ऐकला असेल. दबून राहण्याचे नाकारणारा तो स्वर पराभवाच्या छायेत वाढलेल्या पिढीला आपला वाटला असेल. हे अनुमान आहे. त्यामुळे शब्दांची जबाबदारी संपत नाही. मोठ्या कलावंताच्या हातूनही एखादे वेळी ज्या गोष्टीची थट्टा करू नये तिची थट्टा होते, आणि ती नेमकी त्याच्या सर्वोत्तम कलाकृतीत असते. रसिकाने दोन्ही गोष्टींची नोंद ठेवावी. एकीसाठी दुसरी पुसून टाकू नये.

1961 साली वाँडाच्या कारकिर्दीला वळण लागले. 'राइट ऑर राँग' हे तिने स्वतः रचलेले संथ प्रेमगीत कंट्री यादीत नवव्या, तर लोकप्रिय गीतांच्या यादीत 29व्या स्थानी पोहोचले. त्याच वर्षी तिने वेंडेल गुडमन यांच्याशी विवाह केला. पुढे आपली नोकरी सोडून त्यांनी पत्नीच्या कार्यक्रमांची व्यवस्था पाहिली आणि 2017 साली मृत्यू येईपर्यंत ते तिच्यासोबत राहिले. रॉकाबिलीचे दिवस सरले होते. वाद्यवृंद मोठा झाला, व्हायोलिनचे मऊ स्वर आले, आणि वाँडाची गुरगुर हळूहळू मागे पडली. हे धर्मश्रद्धेमुळे झाले नाही, हे येथे अधोरेखित करायला हवे. श्रद्धेच्या दहा वर्षे आधी बाजाराने तिच्या अंगावर दुसरे जाकीट चढवले होते. तरीही 'माय बिग आयर्न स्किलेट' यासारख्या 1969च्या गीतात उशिरा घरी येणाऱ्या नवऱ्याची वाट पाहत लोखंडी तवा हाती घेतलेली गृहिणी भेटते, तेव्हा ती जुनी वाँडा अजून जागी आहे याची खात्री पटते.

रंगमंचावर हास्य आणि घरात कलह, असे ते दिवस होते. सततचा प्रवास, मद्य आणि संशय यांनी संसार पोखरला जात असल्याचे तिनेच पुढे मोकळेपणाने सांगितले. मुले आजीबरोबर चर्चला जात. आईवडिलांनीही यावे, असा त्यांचा आग्रह असे. 1971 साली एके दिवशी दोघे ओक्लाहोमा सिटीतील एका बाप्टिस्ट चर्चमध्ये गेले. त्या दिवशी पतिपत्नींनी आपले जीवन ख्रिस्ताला वाहिले. मद्य सुटले, संसार सावरला. आता आपण देवाचीच गाणी गावीत, अशी ओढ वाँडाला लागली. 1972 साली कॅपिटॉलने 'प्रेज द लॉर्ड' हा तिचा भक्तिगीतांचा संग्रह काढला. काही काळाने तिने ही कंपनी सोडली आणि ख्रिस्ती संगीताच्या प्रकाशकांकडे ती वळली. पतीबरोबर गावोगावच्या लहानमोठ्या चर्चमधून गीते आणि साक्ष, असा तिचा नित्यक्रम झाला.

या परिवर्तनाच्या सच्चेपणाविषयी शंका घेण्यास जागा नाही. पन्नास वर्षे टिकलेला संसार हाच त्याचा पुरावा. परंतु भक्तिगीतांकडे गीते म्हणून पाहिले, तर मनात एक हुरहुर राहते. सूर निर्दोष आहे, शब्दोच्चार स्वच्छ आहेत, भाव प्रामाणिक आहे. पण ओळीच्या शेवटी आपण ज्याची वाट पाहतो ती खरखर येतच नाही. ती जणू चर्चच्या दाराबाहेर ठेवून वाँडा आत आली. श्रद्धा गाढ झाली आणि आवाज मात्र अर्धा झाला. एखाद्या निंदकाने म्हणावे, धर्माने कलावंत गमावला. एखाद्या भाविकाने म्हणावे, अशा आवाजाचे देवाच्या घरी काय काम?

दोघांनाही इतिहासाचे एकच उत्तर आहे. ती खरखर मुळात चर्चमधूनच बाहेर आली होती. कृष्णवर्णीयांच्या उपासनामंदिरांत घशाच्या शिरा ताणून, रडत, ओरडत, टाळ्या पिटत देवाला आळवण्याची परंपरा जुनी आहे. 1915 साली आर्कान्सा राज्यात जन्मलेली सिस्टर रोझेटा थार्प या परंपरेतली. खांद्याला विद्युत गिटार अडकवून ती देवाची गाणी गाई, कधी चर्चमध्ये तर कधी रात्रीच्या क्लबमध्ये, आणि त्याबद्दल धार्मिक मंडळींचा रोषही सोसत असे. रॉक संगीताच्या पहिल्या पिढीतील अनेकांनी तिचे ऋण मान्य केले आहे. गुलामगिरीच्या वेदनेतून जन्मलेली ती आर्त हाक ऱ्हिदम अँड ब्लूजमध्ये शिरली, तेथून एल्विसकडे आणि वाँडाकडे आली. मग 1971 साली वाँडा चर्चमध्ये गेली तेव्हा ते धन माहेरी आणता आले असते. कोणी तिला तसे सांगितले नाही आणि तिलाही ते सुचले नाही. धन्याने दिलेले द्रव्य जमिनीत पुरून ठेवणाऱ्या दासाचा दृष्टांत आपण वारंवार ऐकतो. त्या दासाने चोरी केली नव्हती. तो केवळ घाबरला होता.

सुदैवाने पुरलेले द्रव्य पुन्हा उकरले गेले, तेही दूरच्या देशात. 1980च्या दशकात स्वीडन आणि आसपासच्या देशांतील तरुणांना रॉकाबिलीचे वेड लागले. त्यांनी वाँडाला शोधून काढले. ती गेली, आणि तिला असे आढळले की हे श्रोते तिची जुनी गाणी तर मागतातच, पण मध्ये भक्तिगीत गायले तर तेही तितक्याच आदराने ऐकतात. तेव्हापासून तिच्या कार्यक्रमाची एक रीत ठरून गेली. 'फुजियामा मामा' होई, 'लेट्स हॅव अ पार्टी' होई. आणि त्यांच्या अधेमधे ती थांबून 1971 साली आपल्या घरात काय घडले ते चार वाक्यांत सांगे आणि हँक विल्यम्सचे 'आय सॉ द लाइट' हे भक्तिगीत गाई. समोर मद्याचे प्याले हाती घेतलेले, अंगावर गोंदवलेले तरुण असत. 1995 साली रोझी फ्लोरेस या तरुण गायिकेने तिला आपल्या संग्रहात गायला बोलावले, दोघींनी अमेरिकेचा दौरा केला, आणि मायदेशालाही तिची आठवण झाली. 2005 साली 'नॅशनल हेरिटेज फेलोशिप' हा लोककलांचा राष्ट्रीय सन्मान तिला लाभला. 2009 साली 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम'ने तिला प्रारंभीच्या प्रभावी कलावंतांत स्थान दिले.

2011 साली जॅक व्हाइट या तरुण संगीतकाराने 'द पार्टी एन्ट ओव्हर' हा तिचा संग्रह काढला, तेव्हा ती त्र्याहत्तर वर्षांची होती. त्यात एमी वाइनहाउस या इंग्रज गायिकेचे एक गीत घ्यावे, अशी व्हाइटची इच्छा होती. त्यातील एक उघड कामुक ओळ आपण गाणार नाही, असे वाँडाने स्पष्ट सांगितले. व्हाइटने ती ओळ बदलून दिली, आणि मग तिने ते गीत मन लावून गायले. तारुण्यात तिला दुसऱ्यांनी जाकीट घालायला लावले होते. आता काय झाकायचे आणि काय उघडे ठेवायचे, हे ती स्वतः ठरवत होती. संयम आणि सक्ती यांतील अंतर यापेक्षा सोप्या उदाहरणाने सांगता येईल, असे मला वाटत नाही. त्याच संग्रहात 'डस्ट ऑन द बायबल' हे जुने भक्तिगीतही आहे. त्यात म्हातारपणाने चिरफाळलेली तिची गुरगुर स्पष्ट ऐकू येते. चाळीस वर्षांपूर्वी चर्चच्या दाराबाहेर राहिलेली ती खरखर अखेर आत आली.

2019 साली वाँडाने प्रकृतीच्या कारणास्तव जाहीर कार्यक्रमांतून निवृत्ती घेतली. 2021 साली 'एन्कोर' हा संग्रह आला. निरोपाचा म्हणूनच तो ओळखला जातो. आता तिच्या सर्व गाण्यांकडे एकत्र पाहता येते. संगीताचे इतिहासकार बहुधा तिची पहिली पाच-सहा वर्षे जमेस धरतात आणि भक्तिगीतांचा काळ वाया गेला असे मानतात. धार्मिक चरित्रकार नेमके उलट करतात. माझ्या मते हे दोन्ही हिशेब अपुरे आहेत. 'रॉकाबिलीची राणी' आणि चर्चमधून साक्ष देणारी ओक्लाहोमाची गृहिणी या दोन व्यक्ती कधीच नव्हत्या. तिचे कार्यक्रम ऐकणाऱ्या त्या गोंदवलेल्या पोरांना हे विद्वानांच्या आधी कळले होते.

कराराच्या कोशापुढे दावीद राजा देहभान हरपून नाचला, तेव्हा खिडकीतून पाहणाऱ्या मीखलला त्याची लाज वाटली. बायबलमधला हा प्रसंग सर्वांच्या परिचयाचा आहे. आपण बहुधा दावीदाच्या बाजूने तो ऐकतो. परंतु खिडकीत उभे राहण्याची पाळी आपल्यावरही येते. आपल्या गायकवृंदात एखाद्या मुलाचा किंवा मुलीचा आवाज इतरांहून वेगळा, खडबडीत, अंमळ मोठा असतो आणि त्याला आपण जरा हळू गायला सांगतो. तसे सांगण्यापूर्वी वाँडा जॅक्सनचे एखादे गाणे ऐकून पाहावे. तो आवाज कोठून आला आहे, याची आपल्याला पक्की खात्री असतेच असे नाही.